पाणी नेमकं मुरतं कुठे?

१९५९चा उन्हाळा इंग्लंडात विलक्षण कोरडा गेला. त्याच्या अखेरीस, २६ ऑगस्टला, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी बाजारात आणली. आडवं बसवलेलं इंजिन, दहा इंची चाकं आणि एवढ्याशा गाडीत चार माणसांची ऐसपैस सोय, ही कहाणी मोटारवेड्या वाचकांना तोंडपाठ असेल. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. पावसाचे दिवस आले आणि नव्या कोऱ्या गाड्यांमधली पायाखालची कार्पेटं भिजू लागली.

गाडीत पाणी दिसलं की कुणाचंही बोट आधी दरवाज्याच्या रबराकडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या बीडिंगकडे जातं. मिनीचा मोठा दोष मात्र दरवाज्यात नव्हता. पायापुढचा उतरता पत्रा आणि तळाचा पत्रा एकमेकांवर चढवून जिथे जोडले होते, तिथे चढण उलटी झाली होती. जोडाची कड पुढे तोंड करून राहिली. त्यामुळे चाकांनी उडवलेलं पाणी थेट तिच्यात घुसायचं आणि आत झिरपायचं. कौलं शाकारणाऱ्या गड्याने ही चूक कधी केली नसती. कुठली कड कुठल्या कडेवर चढवायची हे त्याला हातानेच कळतं. जगातलं सर्वोत्तम बीडिंग लावून मिनी कोरडी राहिली नसती. शेवटी पत्र्यांची चढण बदलावी लागली.

गाडी कोरडी ठेवण्याची निम्मी विद्या या एका प्रसंगात आहे. पाण्याला बाहेर जायची वाट आधी आखायची, रबराचा विचार त्यानंतर.

आजच्या कुठल्याही गाडीचा दरवाजा पाहा. काच जिथे दरवाज्यात उतरते तिथे बाहेरच्या बाजूला बारीक लव असलेली रबरी पट्टी असते. काच खाली जाताना ती पुसून घेते, पण आषाढातल्या सरींचं पाणी तिला पुरतं थोपवता येत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नसते. पाणी दरवाज्याच्या पोटात उतरतं आणि तळाशी मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून रस्त्यावर पडतं. दरवाजा आतून ओला होणार, हे गृहीतच धरलेलं असतं. म्हणून आतल्या पत्र्यावर प्लास्टिकचा पडदा ब्युटिलच्या चिकट पट्टीने कडेकडेने चिकटवतात. स्पीकर बसवायला किंवा पॉवर विंडोची मोटर बदलायला कुणी हा पडदा फाडला आणि परत नीट चिकटवला नाही, की पुढच्या पावसाळ्यात मॅटखाली तळं साचतं आणि दोष बिचाऱ्या बीडिंगच्या माथी येतो. सुरुवातीच्या मिनीला ही भानगड नव्हती. तिच्या काचा आडव्या सरकायच्या, दरवाज्यात उतरायच्याच नाहीत. त्याऐवजी त्या काचांच्या चॅनेलमध्ये ओल धरून चक्क शेवाळ उगवायचं.

याच मिनीच्या चाकांवर पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराचे शंकू होते. ते अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे. विल्टशरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी त्यांच्या घराण्याचा रबराचा कारखाना होता. त्या घराण्याचा मूळपुरुष, अ‍ॅलेक्स यांचे पणजोबा स्टीफन मोल्टन, रबराच्या इतिहासातल्या सर्वांत कडवट भांडणाच्या मधोमध उभा आहे. गाडीच्या दारावरचं रबर दार उघडताच पुन्हा फुगून आपल्या आकारावर येतं, त्या गुणाचा शोध कुणाचा, यावरून ते भांडण झालं.

चार्ल्स गुडइयर यांची गोष्ट शाळेपासून माहीत असते. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर तापलं आणि वितळण्याऐवजी टणक, लवचीक झालं. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक पडायचं. नवं रबर दोन्ही ऋतूंत सारखंच राहत होतं. पण गुडइयर कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले, आणि इंग्लंडात पेटंट घ्यायला पैसा नाही. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहणारा इंग्रज स्टीफन मोल्टन १८४२ मध्ये त्या रबराचे तुकडे घेऊन मायदेशी निघाला. रेनकोटवाल्या मॅकिन्टॉश कंपनीने हे गुपित विकत घ्यावं, अशी कल्पना होती. कंपनीचं म्हणणं पडलं, आधी पद्धत सांगा. मोल्टन सांगायला तयार नव्हता, त्याच्या हाती फक्त तुकडे होते.

त्यातले काही तुकडे विल्यम ब्रॉकेडन या चित्रकाराच्या हाती आले. हा गृहस्थ चित्रं काढता काढता यंत्रांचे शोधही लावायचा. त्याने ते दाखवले टॉमस हॅनकॉक यांना.

हॅनकॉक म्हणजे इंग्लंडातल्या रबर उद्योगाचा पहिला कारागीर. रबराचे तुकडे फाडून एकजीव गोळा करणारं यंत्र त्यांनी १८२०च्या सुमारास बनवलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ ते गुपित राखलं. कुणाला पत्ता लागू नये म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं ‘पिकल’, म्हणजे लोणचं. स्वतःचं गुपित इतक्या कसोशीने जपणाऱ्या माणसासमोर आता दुसऱ्याचं गुपित येऊन पडलं.

पुढे काय झालं, हे हॅनकॉक यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. इंग्लंडातल्या रबर उद्योगाची त्यांची आत्मकथनवजा हकिगत १८५७ मध्ये छापली गेली. कारागिराने स्वतःच्या कामाविषयी इतक्या बारकाईने लिहिल्याची उदाहरणं विरळा. तुकडे आपण पाहिले, ते थंडीत कडक पडत नाहीत हे ऐकलं, हे ते कबूल करतात. गंधकाची खूण दिसल्याचंही नाकारत नाहीत. मात्र तुकड्यांचं रासायनिक पृथक्करण आपण केलं नाही, असं ते ठामपणे सांगतात. नंतर येते प्रयोगांची हकिगत. वितळलेल्या गंधकात रबराच्या पट्ट्या बुडवल्या. गंधक आत शिरला, रंग पालटला, पण थंडीचा गुण काही येईना. मग उष्णता वाढवली, वेळ वाढवला आणि हवं ते घडलं. विस्तवाजवळचं पट्टीचं टोक तर काळं आणि शिंगासारखं कठीण झालं. एकाच पट्टीवर कच्च्या रबरापासून आजच्या एबोनाइटपर्यंतचा सगळा प्रवास त्यांना दिसला.

२१ नोव्हेंबर १८४३ रोजी हॅनकॉक यांनी इंग्लिश पेटंटचा अर्ज केला. गुडइयर यांचा इंग्लंडातला अर्ज आला जानेवारी १८४४ मध्ये. या थोड्या आठवड्यांवर सगळं ठरलं. त्या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन हे नाव मिळालं ब्रॉकेडन यांच्याकडून. पंक्चरच्या दुकानांवरच्या ‘हॉट व्हल्कनायझिंग’ या पाट्यांमधून ते आपल्या गावोगाव पोचलं आहे. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा तयार तुकडा पाहून कृती ओळखता येत नाही, अशा साक्षी झाल्या आणि हॅनकॉक यांचं पेटंट टिकलं. कायद्याने ते बरोबर असेल. पण एखादी गोष्ट शक्य आहे, हे आधी ठाऊक असणं ही संशोधनातली सर्वांत मोठी मदत, आणि ती मदत हॅनकॉक यांना मोल्टनच्या तुकड्यांतून मिळाली होती. १८६० मध्ये गुडइयर गेले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

आणि मोल्टन? १८४७ मध्ये त्याने मोकळा गंधक न वापरण्याची वेगळी पद्धत पेटंट केली आणि पुढल्या वर्षी ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनची बंद पडलेली लोकरीची गिरणी घेऊन तिथे रबर सुरू केलं. हॅनकॉक पक्षाने त्यालाही कोर्टात खेचलं. तरी कारखाना टिकला, रेल्वेच्या बफरांसाठी रबर बनवत राहिला आणि चौथ्या पिढीत मिनीच्या चाकांपर्यंत पोचला. इतिहासात या माणसाची बोळवण ‘नमुने नेणारा’ एवढ्यावर होते, हे अन्यायाचं आहे.

पण व्हल्कनाइझ केलेल्या नैसर्गिक रबरालाही एक शत्रू उरला. त्याच्या लांब साखळीच्या सांगाड्यातच कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला चिमूटभर ओझोन नेमके तेच तोडतो. रबर ताणलेलं असेल तिथे, म्हणजे दरवाज्याच्या कोपऱ्यावर, ताणाला आडव्या भेगा पडतात. १९३१ मध्ये ड्यूपाँटने बाजारात आणलेलं निओप्रीन याबाबतीत उजवं होतं. खरा पालट घडवला तो कार्ल झीग्लर आणि जूलिओ नात्ता यांच्या उत्प्रेरकांनी. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं, त्याच सुमारास एथिलीन आणि प्रोपिलीनपासून बनलेलं रबर बाजारात येत होतं. त्याच्या सांगाड्यात दुहेरी बंधच नाहीत, त्यामुळे ओझोनला तोडायला काही सापडत नाही.

पण दुहेरी बंध नाहीत म्हणजे गंधकालाही पकड नाही, आणि गंधकाशिवाय रबर आकारावर परत येणार कसं? रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा फार सुंदर आहे. तिसरा एक घटक थोड्या प्रमाणात मिसळायचा, असा की त्याचा दुहेरी बंध सांगाड्यात न बसता बाजूला लोंबत राहील. गंधक तिथे पकडतो. तो बंध ओझोनने तोडला तरी मुख्य साखळी शाबूत राहते. हेच ईपीडीएम. आज बहुतेक गाड्यांच्या दारांवर हेच रबर असतं, आणि हॅनकॉक-गुडइयर ज्या गंधकावरून भांडले तो आजही त्याच्यात आहे.

आता हे रबर दारावर बसवायचं. गाडीच्या दाराचं बीडिंग कापून पाहिलं तर दोन भाग दिसतात. पत्र्याच्या कडेला घट्ट चावून बसणारा भाग घन रबराचा आणि त्याच्या आत धातूची लवचीक पट्टी. त्याला जोडून पोकळ नळी, तीही स्पंजसारख्या सच्छिद्र रबराची. दोन्ही एकाच वेळी डायमधून बाहेर काढतात आणि भट्टीत, बऱ्याचदा मायक्रोवेव्हच्या साह्याने पकवतात. पोकळ नळीच का? पत्रे ठोकून आणि जोडून बनलेल्या गाडीत दार आणि चौकट यांच्यातली फट सगळीकडे सारखी कधीच नसते. भरीव रबर अरुंद जागी दार लागू देणार नाही आणि रुंद जागी चौकटीला टेकणार नाही. नळी कमी चेपली काय किंवा जास्त चेपली काय, तिचा जोर फारसा बदलू नये, यासाठी अभियंत्याची सगळी धडपड असते.

हा जोर दर १०० मिलिमीटर लांबीला किती न्यूटन, असा मोजतात. समजा तो ५ न्यूटन धरला आणि दाराचा घेर साडेतीन मीटर, तर बंद दार सुमारे १८ किलो वजनाइतक्या जोराने रबर दाबून धरतं. दुप्पट कडक रबर घातलं तर पाणी कदाचित जास्त अडेल, पण दार आपटल्याशिवाय लागणार नाही, आणि आजी-आजोबांनी हळूच लावलेलं दार अर्धवट राहील. शिवाय दार लागताना नळीतली हवा कुठे जाणार? म्हणून तिला ठरावीक अंतरावर बारीक भोकं पाडलेली असतात. गाडीतल्या हवेचंही तेच. जुन्या फोक्सवॅगन बीटलची बांधणी इतकी हवाबंद होती की काचा बंद असताना दार लावायला जोर पडायचा. काच थोडी खाली केली की दार अलगद लागायचं. आजच्या गाड्यांत मागच्या बाजूला रबरी झडपा ठेवून ही हवा बाहेर सोडतात.

उलट बाजूने वारा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन, म्हणजे ४७ किलोच्या आसपास भरतो. पुढच्या खांबाजवळून वळणारा वारा काचेवर ओढ निर्माण करतो आणि दाराची वरची चौकट बाहेरच्या बाजूला खेचली जाते. त्या क्षणी रबराने फुगून फट भरली नाही तर आधी वाऱ्याची शीळ येते आणि मग पाऊस. म्हणून फुगून परत येण्याचा गुण वर्षानुवर्षं टिकायला हवा. रबर एक चतुर्थांश चेपून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवायचं आणि सोडल्यावर किती परत आलं ते मोजायचं, ही त्याची रूढ परीक्षा. विदर्भातल्या मे महिन्यात बंद उभी असलेली गाडी ही परीक्षा दर दुपारी देते.

एवढ्या कष्टाने बनवलेल्या रबराला आपल्याकडे मात्र कुणी चकाकीसाठी डिझेलचं फडकं मारतं, कुणी करकर थांबावी म्हणून ग्रीस लावतं. ईपीडीएमला खनिज तेल मुळीच मानवत नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. त्याला सिलिकॉनच चालतं, किंवा नुसतं ओल्या फडक्याने पुसणं.

गळती शोधण्याचीही एक रीत आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून पाहायची. जिथे ती सहज निसटते तिथे रबर टेकत नाही. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, तेही खालून सुरुवात करून सावकाश वर जात. वरून धार सोडली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि आत आलेला थेंब कुठून शिरला ते कळत नाही. दारं कोरडी निघाली तर बोनेट उघडून वायपरखालच्या पन्हाळीतला गुलमोहराचा पाला काढावा, सनरूफच्या नळ्या पाहाव्यात, एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे का ते पाहावं, आणि दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत. नवं बीडिंग विकत घ्यायची वेळ त्यानंतर.