इंजिनाच्या हेडचे बोल्ट कसे आवळावेत?

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा अशा कोणत्याही गावच्या गॅरेजात एप्रिल-मे महिन्यात गेल्यास हेड उतरवलेली एखादी तरी गाडी उभी दिसते. पारा ४२ च्या पुढे जातो, रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी असते, आत क्षार साचतात, गाडी तापते आणि हेडचे गॅस्केट जळते. नवे गॅस्केट टाकून गाडी जाते खरी. पण पंधरा दिवसांत तीच गाडी पुन्हा पाणी खाऊ लागली की गिऱ्हाईक दारात येते आणि दुसऱ्यांदा केलेल्या कामाची मजुरी मिळत नाही. दोष बहुधा गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो. आमचे म्हणणे असे की, आधी बोल्ट कसे आवळले होते ते पाहावे.

आवळलेला बोल्ट केसभर ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा आखडू पाहतो. त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर दाबून बसते. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण १० टक्केच या ताणाच्या कामी येतो. जवळजवळ निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांत खर्च होतो. म्हणून आट्यांत गंज किंवा काजळी असली तर हाताला बोल्ट घट्ट लागतो, पण हेड सैलच राहते. उस्तादांच्या हाताचा अंदाज आम्ही कमी लेखत नाही. परंतु गंजलेला आटा त्या हातालाही फसवतो.

यासाठी आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. जुन्या बोल्टला उभी खाच पाडून तो भोकात फिरवला तरी मळ निघतो. भोक खालून बंद असेल तर त्यात तेल वा पाणी मुळीच राहू देऊ नये; बोल्ट खाली उतरताना ते दाबले जाते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आट्यांना तेल लावायचे की कोरडे ठेवायचे, हे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठरवावे.

ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. त्यामुळे तापलेल्या गाडीचे हेड वाकलेले असण्याची शक्यता मोठी असते. सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून फीलर गेजने फट मोजावी. अनेक लहान गाड्यांत ०.०५ मिलिमीटर हीच मर्यादा असते. जास्त असेल तर फेसिंग करून घ्यावे; वाकडे हेड बोल्टच्या जोरावर सरळ होत नाही. हेड उतरवताना इंजिन थंड असावे आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे सोडावेत.

आवळताना याच्या उलट, मधून सुरुवात करून आलटून-पालटून दोन्ही टोकांकडे जावे. टोके आधी आवळली तर गॅस्केटचा फुगा मध्ये अडकतो. एका दमात पूर्ण जोर न देता तीन फेऱ्या कराव्यात.

जोराचा हिशेब सोपा आहे. ६ किलो-मीटर हवा असेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्यावर १२ किलोची ओढ लागते. पुस्तकात एकक कोणते दिले आहे ते नीट वाचावे : १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर किंवा ७.२ फूट-पाउंड. ६० न्यूटन-मीटरऐवजी ६० फूट-पाउंड लावले तर जोर एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. मग बोल्ट तुटतो, नाहीतर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधून आटेच उपटून येतात.

नव्या अनेक इंजिनांत आधी ठराविक जोर आणि मग ९० अंशांसारखा कोनी फेरा सांगितलेला असतो. असे बोल्ट कायमचे लांबतात. कंपनीने बदलायला सांगितले असेल तर ते पुन्हा वापरू नयेत. गिऱ्हाईक खर्चाला कुरकुरते. त्याला जुना बोल्ट नव्याशेजारी ठेवून दाखवावा आणि किंमत बिलात वेगळी लिहावी.

जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला गाडी चालवून, थंड करून पुन्हा आवळावे लागे. आजच्या पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला बहुधा लागत नाही. ॲम्बॅसॅडरसारख्या पुशरॉडच्या इंजिनात पुन्हा आवळल्यावर टॅपेटची फटही नव्याने लावावी.

टॉर्क पाना महाग वाटत असेल तर शेजारच्या तीन-चार गॅरेजांनी मिळून एक घ्यावा. टक् आवाज आला की थांबावे, त्याला पाइप जोडू नये, बोल्ट सोडवायला तो वापरू नये आणि काम झाल्यावर सर्वांत खालच्या मापावर आणून पेटीत ठेवावा.