टर्बो सीच्या फोल्डरपासून ग्रेडलपर्यंत

1983 साली शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं, आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. संगणकाच्या जगात त्या वर्षी दोन वेगळ्या वाटा निघाल्या. बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणलं. त्यात लिहिण्याची जागा, कंपायलर आणि प्रोग्रॅम चालवण्याची सोय एकत्रच होती. दुसरीकडे रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. ती वाट युनिक्सची : दर कामाला वेगळं साधन, आणि ती साधनं एकमेकांना जोडायची ती वापरणाऱ्यानेच. 1987 साली दोन्ही वाटांवर सीचे कंपायलर आले, इकडे टर्बो सी आणि तिकडे जीसीसी. जिल्ह्यातल्या शेगाव, मलकापूर, चिखली, खामगाव इथल्या विद्यार्थ्यांच्या कंपायलर बसवतानाच्या अडचणी पाहिल्या, तर बहुतेकींचं मूळ एकच सापडतं. पहिल्या वाटेची सवय लावून त्यांना दुसऱ्या वाटेवर सोडलं गेलं, आणि मधलं जे शिकवायचं होतं त्याला प्रात्यक्षिकांच्या वहीत जागा मिळाली नाही.

टर्बो सी प्रयोगशाळांत इतकी वर्षं टिकलं याबद्दल आपल्याकडच्या शिक्षकांना मागासलेले म्हणणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. टीसी नावाचं काही एमबीचं फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवलं की काम भागायचं. इंटरनेट नको, नोंदणी नको, मोठी मेमरी नको. भारनियमनाच्या काळात, जुन्या यंत्रांच्या प्रयोगशाळेत, एका पेन ड्राइव्हवरून तासाभरात सगळी यंत्रं तयार करता येणं ही मोठी सोय होती. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची सीवरची पुस्तकं विदर्भात घरोघर पोचली, तीही याच कंपायलरच्या काळात. त्या परिस्थितीत ती निवड योग्य होती, असंच माझं मत आहे.

या सोयीने झाकून काय ठेवलं, हा पुढचा प्रश्न. कंट्रोल आणि एफ नाइन दाबलं की प्रोग्रॅम चालतो एवढंच मुलांना कळलं. त्या एका क्षणात हेडर फाइल शोधली जाते, मजकुराचं ऑब्जेक्ट फाइलमध्ये रूपांतर होतं आणि लिंकर त्याला लायब्ररी जोडतो, या तीन पायऱ्या दिसल्याच नाहीत. फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवलं की हेडर फाइल उघडता येत नाही असा संदेश यायचा. उपाय ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीज या खान्यात होता, पण तो कारणासह सांगितला जाण्याऐवजी फोल्डर पुन्हा सीवर हलवलं जायचं. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये बीजीआय या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचा पत्ता चुकला की तीच गत. पुढे 64 बिटांची विंडोज आली आणि 16 बिटांचं टर्बो सी तिच्यावर चालेनासं झालं. मग डॉसबॉक्स आलं, म्हणजे नव्या यंत्रात जुनं यंत्र उभं करून तीच सवय पुढे चालू राहिली. तिची किंमत गणितातही मोजावी लागली. 8 चं फॅक्टोरियल 40320, पण 16 बिटांच्या इंटमध्ये ते मावत नाही आणि पडद्यावर उणे 25216 दिसतं. तोच प्रोग्रॅम जीसीसीवर बरोबर उत्तर देतो. यंत्र आणि कंपायलर यांचा हिशेब समजावून द्यायला याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

जावा आली तेव्हा पाथ नावाची अडचण उघड्यावर आली. जेडीके हा जावाचा साधनसंच बसवलेला असतो, तरी जावासी ही तिच्या कंपायलरची आज्ञा ओळखता येत नाही असं विंडोज सांगते, कारण ती कोणत्या फोल्डरमध्ये शोधायची हे तिला माहीत नसतं. विंडोजवर जीसीसी आणणाऱ्या मिंगडब्ल्यूचंही तेच. पाथ दुरुस्त केल्यावर आधीची काळी खिडकी बंद करून नवी उघडावी लागते, एवढ्या एका गोष्टीपायी दुरुस्ती फसली असं वाटून कंपायलर पुन्हा बसवला जातो. कोड ब्लॉक्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन दोन रूपांत मिळतं, कंपायलरसह आणि कंपायलरविना. दुसरं उतरवलेल्याला कंपायलर सापडत नसल्याची तक्रार दिसते. व्हीएस कोड या संपादकात तर सीचा कंपायलर मुळातच नसतो. मेकफाइलमध्ये टॅबऐवजी मोकळ्या जागा टाकल्या की बिल्ड करणारं मेक हे साधन थांबतं. अँड्रॉइडसोबत आलेलं ग्रेडल हे बिल्डचं साधन पहिल्याच वेळी लागणाऱ्या लायब्ऱ्या इंटरनेटवरून मागवतं. महाविद्यालयाचं नेट प्रॉक्सीमागे असेल आणि त्या प्रॉक्सीचा पत्ता ग्रेडलमध्ये वेगळा नोंदवला नाही तर बिल्ड अडकतं. 2021 साली जेसेंटर हे अशा लायब्ऱ्यांचं भांडार बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा त्यावर विसंबलेल्या प्रकल्पांना भांडाराचा पत्ता बदलणं भाग पडलं. हेडर, पाथ, प्रॉक्सी, भांडार : चाळीस वर्षांत नावं बदलली, तरी प्रत्येक वेळी यंत्राला हेच सांगायचं होतं की हवी ती वस्तू कुठे ठेवली आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आता ब्राउझरमध्येच कंपायलर मिळतो, मोबाइलवरही सी चालते, मग हा खटाटोप कशाला? पहिल्या आठवड्यासाठी तो मार्ग मलाही मान्य आहे. लूप म्हणजे काय हे कळण्याआधी कोणाला पाथमध्ये अडकवू नये. परंतु दोन फाइलींचा प्रोग्रॅम, बाहेरची लायब्ररी किंवा नेट गेलेली दुपार समोर आली की तो मार्ग अपुरा पडतो, आणि नोकरीतलं काम तर तिथूनच सुरू होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सत्र लहान, गुण प्रोग्रॅमला, आणि संदेश सगळे इंग्रजीत, खेड्यातून आलेल्या मुलावर आणखी ओझं का? माझं म्हणणं असं की हे ओझं त्याच्यावर आजही आहेच, फक्त ते तो एकटा, रात्री, मार्गदर्शनाविना वाहतो. ज्याच्या घरी सांगणारं कोणी असतं त्याचा लॅपटॉप दोन दिवसांत सुरू होतो; ज्याच्या घरी नसतं तो आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष खोटा असतो आणि तो टाळणं शिक्षकाच्या हातात आहे. भाषेचं म्हणाल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सी आणि सी प्लस प्लसचे धडे जीसीसीवर आणि मराठीतूनही तयार केले आहेत.

म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या आणि तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांना विनंती आहे. सीचं दुसरं प्रात्यक्षिक कंपायलर बसवण्याचं ठेवा आणि त्याला गुण द्या. पाथ मुद्दाम बिघडवा, संदेश मोठ्याने वाचायला लावा, ऑब्जेक्ट फाइल वेगळी करून दाखवा, मग लिंकर चालवा. हे सगळं एका दुपारच्या तासात बसतं.