व्याज किती, हा दुसरा प्रश्न

घरखर्चाची वही : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला काढायचा हिशेब मांडला. नोकरी गेली, पगार लांबला, घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं, तर हात घालायची ही गंगाजळी. महिन्याला पन्नास हजार खर्च असणाऱ्या घरासाठी ती तीन लाख होते. ती ठेवायची कुठे, एवढं राहिलं होतं. आणि इथेच आपण पहिला प्रश्न चुकीचा विचारतो : व्याज किती देता?

माझी आत्या शिक्षिका होती. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा तिने ते सगळेच्या सगळे गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळत होतं. "अरे, चेअरमन आपल्याच आळीतले. रोज देवळात भेटतात," असं ती मला समजावायची. दोन-अडीच वर्षांनी संस्थेचं शटर अर्धं खाली आलं आणि चेअरमन देवळात दिसेनासे झाले. पैसे बुडाले नाहीत. हप्त्याहप्त्याने आले, पण आठ वर्षं लागली. मधल्या काळात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते माझ्या वडिलांच्या पैशांनी. जन्मभर स्वतःच्या कमाईवर जगलेल्या बाईला ते फार लागलं.

आता तो दीड टक्का आपल्या गंगाजळीला लावून बघा. तीन लाखांवर वर्षाला ४,५०० रुपये, महिन्याला ३७५. वर्षभराची ठेव असेल तर हे पैसे सोडू नयेत हे मला मान्य आहे. पण अडीअडचणीच्या पैशाचं काम वाढणं हे नाही. नेमक्या त्या दिवशी हातात येणं, एवढंच त्याचं काम.

पतसंस्था आणि बँक यांच्या पाट्या सारख्या दिसतात. काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट, गोड बोलणारा मॅनेजर, सगळं तेच. फरक कागदात आहे. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि बँकेतल्या ठेवीला विमा असतो. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिथल्या ठेवीला हा विमा नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्था महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि बँक दारात उभं करत नाही अशा माणसाला त्यांनी कर्ज दिलेलं मी पाहिलं आहे. तरीही गंगाजळी तिथे नको.

या विम्याच्या जन्माशी आपल्या मुलखाचाही संबंध आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या, ठेवीदारांत घबराट पसरली आणि १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. १९९३ मध्ये ते एक लाख झालं आणि पुढची जवळजवळ सत्तावीस वर्षं तिथेच थांबलं. ते पाच लाख व्हायला ४ फेब्रुवारी २०२० उजाडावं लागलं, तेही पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनी मुंबईच्या रस्त्यावर टाहो फोडल्यानंतर.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिला आदेश होता सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याचा. मुलांची फी, घरभाडं, औषधं, सगळं त्या हजारात! मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांच्या वर रक्कम असणाऱ्यांना उरलेल्या पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक मिळालं. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. नऊ वर्षं! या दोन्ही पतसंस्था नव्हत्या, परवाना असलेल्या बँका होत्या.

२०२१ मध्ये कायदा सुधारला. बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले, तर विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत ठेवीदाराला मिळावी अशी तरतूद झाली. मोठीच सुधारणा म्हणायची. पण ९० दिवस म्हणजे तीन महिने, आणि तेवढा काळ घर कशावर चालणार? पैसा परत मिळेल याची हमी विमा देतो, या महिन्याच्या किराण्याची देत नाही. म्हणून गंगाजळी दोन बँकांत हवी, आणि जिथे पगार जमा होतो ती बँक यातली फार तर एक. पगार, बचत, मुदत ठेव आणि घराच्या कर्जाचा हप्ता सगळं एकाच ठिकाणी असणं सोयीचं असतं. ती बँक अडकेपर्यंत.

पाच लाख मोजायचे कसे, यात सुशिक्षित माणसंही चुकतात. ही मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून. कोथरूडच्या शाखेत चार आणि डोंबिवलीच्या शाखेत चार ठेवले, तर ते आठच धरले जातात. बचत आणि मुदत ठेव वेगळी नाही. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख, हे तर हमखास विसरलं जातं. सात टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ठेवलेले पाच लाख मुदतीअखेर सात लाखांच्या पुढे जातात आणि वरचे दोन लाख उघड्यावर असतात. साडेतीन लाख ठेवले तर शेवटपर्यंत छत्रीखाली. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याची मर्यादा प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्यापासून वेगळी धरतात. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल, तर मात्र दुकानाचं आणि मालकाचं खातं मिळून एकच. या विम्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि हप्ता बँक भरते. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर सरळ उठून यावं.

टपाल खात्याला सरकारची हमी असल्यामुळे तिथे पाच लाखांची ही अट येत नाही. मात्र तिथली मुदत ठेव पहिले सहा महिने मोडता येत नाही, तेव्हा गंगाजळीसाठी टपालाचं बचत खातं ठीक, मुदत ठेव नको. बँकेतली मुदत ठेव सहसा थोडं व्याज सोडून मोडता येते. तीही एकच मोठी करण्यापेक्षा पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत केली, तर एका दुखण्यासाठी सगळी मोडावी लागत नाही.

घरात रोकड ठेवावी का? दोन आठवड्यांच्या खर्चापुरती, जरूर. माझी आई तूरडाळीच्या डब्यात ठेवायची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाल्यावर तिने तो डबा ताटात उपडा केला तेव्हा आम्हा भावंडांना पहिल्यांदा कळलं की त्यात केवढी रक्कम होती.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे घरोघरी काणाडोळा होतो. ही गंगाजळी एकट्याच्या नावावर असेल आणि तोच माणूस अतिदक्षता विभागात असेल, तर पैसे असूनही नसल्यासारखे. खातं दोघांचं करा, सही दोघांपैकी कुणाचीही चालेल असं लिहून द्या आणि वारसाची नोंद तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर वारस म्हणून अजून आईचंच नाव आहे, अशी निदान दोन घरं माझ्याच नात्यात निघाली.

पुढच्या आठवड्यात सोनेतारणाकडे वळू. त्याआधी या रविवारी घरातली सगळी पासबुकं टेबलावर काढा आणि वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक बँकेच्या नावापुढे प्रत्येक माणसाची रक्कम व्याजासकट लिहा. जिथे आकडा पाच लाखांच्या वर जाईल तिथे लाल पेनाने खूण करा, आणि ते पान घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.