कारागिराच्या बाजूने

परंपरावाद्यांनी आधुनिकतेवर केलेल्या टीकेचा आढावा घ्यायचा म्हटले, की आपली गाडी 'निबंधमाले'पासून निघते आणि संमतिवयाच्या वादापाशी रुतते. तो इतिहास वाचकांना पाठ आहे. तो पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचे आहे ते विसाव्या शतकात पश्चिमेच्याच भाषांतून पश्चिमेला जाब विचारणाऱ्यांविषयी. रने गेनाँ, फ्रितियॉफ शुऑन, टायटस बुर्कहार्ट आणि आनंद कुमारस्वामी ही त्यांतली ठळक नावे. यांत गेनाँ हा आचार्य आणि बाकीचे त्याचे शिष्य, अशी मांडणी करण्याची टूम आहे. ती मला मान्य नाही. गेनाँची बुद्धी तल्लख होती, पण १९२७ सालच्या 'आधुनिक जगाचे संकट' या पुस्तकात सगळ्या दुखण्यांचे निदान एकच: कलियुग. ज्या निदानात कुठलाही रोगी बसतो, त्याने उपचार काय होणार? शिवाय असल्या युगगणनेला कोणताही मालक चालतो. इटालियन विचारवंत युलियस एव्होलाने तिचाच आधार घेत फॅसिझमशी सलगी केली. शुऑनच्या पंथीय भानगडींत तर शिरायलाच नको.

कुमारस्वामींची गोष्ट निराळी, कारण त्यांची टीका कामाच्या जागेवरून निघते. जन्म १८७७ चा, कोलंबोचा, वडील तमिळ, आई इंग्रज, शिक्षण भूगर्भशास्त्राचे. सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून हिंडताना हा माणूस दगडांवरून कारागिरांकडे वळला आणि १९०८ मध्ये 'मध्ययुगीन सिंहली कला' हा ग्रंथ सिद्ध झाला. तो छापला गेला हस्तकलेचा कैवारी विल्यम मॉरिस याच्या हातछापयंत्रावर. ग्रंथाचा विषय आणि त्याची घडण यांत फारकत नको, हा आग्रह. त्यातले बुद्धमूर्तीच्या नेत्रविधीचे वर्णन पाहावे. मूर्ती पूर्ण होते, डोळे तेवढे राहतात. ते मुहूर्तावर रेखायचे, आणि रेखणाऱ्याने मूर्तीकडे थेट न पाहता आरशात पाहून. मापे, हातोटी, व्रत आणि भीती या एकाच कृतीत एकवटतात. यातली कला कुठली, धर्म कुठला आणि धंदा कुठला, हे वेगळे काढता येत नाही. कुमारस्वामींचे म्हणणे असे, की आधुनिक उद्योगाने नेमकी हीच कृती फोडली. उपयोग कारखान्यात गेला, सौंदर्य संग्रहालयात गेले, आणि काम करणाऱ्याच्या वाट्याला उरला फक्त रोज. आपल्याकडे पेणच्या गणपती कारखान्यांत ही फोड डोळ्यांदेखत झाली आहे: धड साच्यातून निघते, पण डोळ्यांची आखणी करायला अजून तयार हातच लागतो.

यावर कुणी म्हणेल, हेच गृहस्थ १९१७ पासून अखेरपर्यंत बोस्टनच्या कलासंग्रहालयात नोकरीला होते! होते, आणि तिथेच बसून त्यांनी संग्रहालयांना विचारले, की कलावस्तू मुळात मांडून ठेवायच्याच कशाला. राजा रविवर्म्यावरचा त्यांचा राग मात्र मला एकांगी वाटतो. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर रविवर्म्याचे छापील देव पोचू शकले, हे कुमारस्वामींच्या हिशेबात नाही.

खरा आक्षेप जातीचा आहे. कुमारस्वामींनी वर्णव्यवस्थेचे समर्थन केले, तिच्यात कारागिराला संरक्षण पाहिले. हे झाकण्यात अर्थ नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले, की जात ही नुसती श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि जन्माने गळ्यात पडलेल्या कामात माणसाचे मनही नसते, बुद्धीही नसते. आमचे काही विद्वान इथे कुमारस्वामींना कायमचे निकालात काढतात. पण बाबासाहेबांची कसोटी पाहा: कामात माणसाचे मन आहे का? कारखान्यावर आरोप ठेवताना कुमारस्वामींनी लावलेली कसोटी हीच. ती त्यांनी गिरणीला लावली, गावगाड्याला लावली नाही. बाबासाहेबांनी गावगाड्याला लावली आणि यंत्राकडून फुरसतीची आशा धरली. ती आशा रास्तच होती. पण फुरसत मिळाली तरी कामाच्या तासांत मन कुठे असते, हा प्रश्न उरतोच. म्हणून कुमारस्वामींच्या युक्तिवादातून जन्म वजा केला, तर तो कोसळत नाही, उलट सुसंगत होतो. हल्ली परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी नेमकी उलटी वजाबाकी केली आहे. त्यांनी वर्णाची बाजू उचलली, आणि पैठणीच्या नावाखाली यंत्रमागाचे कापड खपते तेव्हा येवल्याच्या हातमागावरच्या विणकराचे काय होते, याची चौकशी करायला त्यांच्यातले कुणी फिरकत नाही.