वाहनाचा ईसीयू बदलण्यापूर्वी ही तपासणी करा

जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि शेतकऱ्यांना शहरात थेट विक्रीची वाट मोकळी झाली. वसई, डहाणूकडील माल पश्चिम द्रुतगती मार्गाने बोरिवली, अंधेरीस जातो, तर शहापूर, नाशिककडील माल ठाण्यावरून मुलुंड, घाटकोपरला उतरतो. वाटेत पिकअप बंद पडली तर भाजी सुकते, दर हातचा जातो. त्यातच ‘ईसीयू गेला’ असे निदान झाले की हजारो रुपयांचा खर्च उभा राहतो. पुष्कळदा ईसीयू चांगला असतो व दोष फ्यूज, अर्थिंग, वायर किंवा एखाद्या सेन्सरमध्ये असतो. म्हणून तपासणीचा क्रम माहीत असणे फायद्याचे आहे.

ईसीयूचे कार्य

ईसीयू म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारी संगणकीय पेटी. इंजिनाचा वेग, तापमान, हवेचे प्रमाण इत्यादी माहिती सेन्सरकडून घेऊन इंधन केव्हा व किती सोडावयाचे हे ती ठरविते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यामुळे नव्या पेट्रोल व डिझेल गाड्यांत ही पेटी असतेच. पेटीला वीज कमी मिळाली किंवा सेन्सरने चुकीची माहिती दिली तरी इंजिन बंद पडणे, झटके देणे, ओढ कमी होणे ही लक्षणे दिसतात. पेटी बिघडल्यावरही हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान करू नये.

तपासणीचा क्रम

१) बॅटरी : इंजिन बंद असताना सुमारे १२.४ ते १२.७ व्होल्ट दाब असावा. सेल्फ मारताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. टोकांवरील पांढरा-हिरवा थर काढून ती घट्ट करावीत.

२) चेक इंजिन दिवा : चावी फिरविताच हा दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा मुळीच लागला नाही तर ईसीयूचा फ्यूज व मुख्य रिले आधी पाहावा. चावीचे चिन्ह असलेला दिवा लुकलुकत राहिल्यास दोष चावी ओळखणाऱ्या यंत्रणेत असू शकतो.

३) अर्थिंग : चावी चालू ठेवून ईसीयूची अर्थ वायर व बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमधील दाब मल्टिमीटरने मोजावा. तो ०.१ व्होल्टपेक्षा जास्त भरल्यास अर्थचा बोल्ट सोडून, घासून पुन्हा आवळावा.

४) वायरिंग : धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. कनेक्टरमध्ये ओल, गंज किंवा वाकलेली पिन आहे का तेही पाहावे. कनेक्टर काढण्यापूर्वी चावी बंद करावी.

५) स्कॅनर : स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून फॉल्ट कोड लिहून घ्यावेत. स्कॅनर जोडला जात नसेल तर लगेच ईसीयूला दोष देऊ नये. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला १२ व्होल्ट आणि ४ व ५ क्रमांकांना अर्थ मिळतो का ते पाहावे. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचा वेग शून्यच राहिला तर क्रँक सेन्सर व त्याची वायर तपासावी.

६) पाच व्होल्टची वायर : अनेक सेन्सरना ईसीयूकडून ५ व्होल्ट वीज जाते. त्यांपैकी एक सेन्सर शॉर्ट झाला तर त्या वायरीवरील सर्वच सेन्सरचे कोड एकदम येतात आणि पेटी गेल्याचा भास होतो. अशा वेळी एकेक सेन्सर सोडवत जावा. ज्याला सोडवताच ५ व्होल्ट परत येतात तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी समजावी.

ईसीयूच दोषी केव्हा समजावा?

वीज, अर्थिंग, वायरी व सेन्सर ठीक असूनही पी ०६०१, पी ०६०५ किंवा पी ०६०६ यांसारखे पेटीच्या अंतर्गत बिघाडाचे कोड पुसल्यावर पुन्हा येत असतील, किंवा सर्व सेन्सर सोडवून व वायर शाबूत असूनही ५ व्होल्ट मिळत नसतील, तर पेटीवर संशय घ्यावा. पेटी उघडल्यावर जळका वास, हिरवट गंज किंवा पाण्याच्या खुणा दिसल्यास संशय बळावतो.

पावसाळ्यातील धोका

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व उपनगरांत असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अंधेरीच्या भुयारी मार्गात आजही मुसळधार पावसात पाणी साचते. अशा पाण्यात गाडी घालू नये. गाडी बुडाल्यास सेल्फ अजिबात मारू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर इंजिन मोडते आणि ओल्या ईसीयूत वीज गेली की तो जळतो. बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडून गाडी ओढून न्यावी.

बदलताना व वापरताना घ्यावयाची काळजी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुने सुटे भाग मिळतात. परंतु जुना ईसीयू घेताना त्यावरील भाग क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. तो आपल्या चावीशी जुळवून घ्यावा लागतो, तसेच अनेक डिझेल गाड्यांत इंजेक्टरचे कोडही भरावे लागतात. हे काम करून देण्याची हमी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काढलेली पेटी परत मागून घ्यावी व दुरुस्ती होते का ते पाहावे.

गाडीच्या हौद्याला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक व ईसीयूचा कनेक्टर सोडावा. दुसऱ्या बॅटरीने गाडी सुरू करताना टोके उलटी लावू नयेत. इंजिन धुताना पेटीवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. गॅरेजमध्ये ‘ईसीयू गेला’ असे सांगण्यात आले, तर वरील सहा बाबी तपासल्या का आणि कोणते कोड आले हे विचारावे व ते लिहून घ्यावे. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ईसीयू बदलण्यास संमती देऊ नये.