वर्ष कुठं गेलं, कळलंच नाही!

“अगं बाई, आत्ताआत्ता तर गौरी-गणपती झाले, आणि आली सुद्धा दिवाळी!” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींच्या तोंडी असतं. पण गंमत पाहा. सासरचे पहिले पंधरा दिवस आजही लख्ख आठवतात. कुठला डबा कुठल्या फळीवर, सासूबाईंच्या चहात साखर किती, सगळं! त्यानंतरची दहा वर्षं मात्र दोन वाक्यांत सांगून संपतात. असं का व्हावं बरं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. नाना तऱ्हेच्या अनुभवांनी भरलेला काळ भुर्रकन जातो, पण मागे वळून पाहताना तो लांबलचक वाटतो. अंगवळणी पडलेल्या दिवसांचं मात्र उलट. ते एकमेकांत मिसळून जातात आणि आठवू गेलं तर चिमटीत मावतात.

मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाचा अनुभव तर विलक्षणच. १६ जुलै १९६२ रोजी तो आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय राहायला गेला. अंधार, थंडी आणि रोज तेच ते. १४ सप्टेंबरला मुदत संपली, तेव्हा त्याच्या हिशेबानं तारीख होती २० ऑगस्ट! तब्बल पंचवीस दिवस हरवले होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं गुहेत राहतो? खरंच आहे. पण दूध, डबे, धुणं, संध्याकाळचा स्वयंपाक या चक्रात दिवसभर टेकायला सवड नसते, आणि तरी वर्षअखेरी सांगण्यासारखं काही हाती लागत नाही, ही रुखरुख उरतेच ना?

यावर महागड्या सहलीच हव्यात असं नाही. महिन्यातली एक दुपार आपली म्हणून राखून ठेवा. शाळेतल्या मैत्रिणीकडे जा, वाचनालयात जा, कधी न पाहिलेल्या पेठेतून हिंडून या. “सवड मिळाली की जाईन” म्हणाल तर ती कधीच मिळणार नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा; एक दिवस चहा त्यांनी केला तर बिघडत नाही.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा नि सिलिंडरची तारीख आपण लिहितोच. त्याच चौकोनात त्या दुपारचे चार शब्दही लिहा. कॅलेंडर रद्दीत टाकण्यापूर्वी ते जरूर वाचा. वर्ष कुठं गेलं, ते तिथं नक्की सापडेल!