राजद्रोहाचे कलम : निकालातले आणि ठाण्यातले

मुंबई उच्च न्यायालयात एक संगमरवरी फलक आहे. १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा होताना लोकमान्य टिळक जे बोलले, ते त्यावर कोरले आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी त्याचे अनावरण केले. आपल्याच आरोपीचा असा सन्मान करणारे न्यायालय विरळाच. मात्र ज्या कलमाखाली टिळक मंडालेला गेले, ते १२४ अ त्या दिवशीही दंडसंहितेत जिवंत होते.

१८६०च्या मूळ दंडसंहितेत हे कलम नव्हते; १८७० मध्ये ते घातले गेले. त्याला दात फुटले ते १८९७ मध्ये, ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर झालेल्या राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले, की सरकारविषयी अप्रीती म्हणजे द्वेष, वैर, तिरस्कार, कसलाही दुर्भाव. लेखामुळे प्रत्यक्ष दंगा झाला की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. म्हणजे गुन्हा घडायचा तो वाचकाच्या मनात! सहा युरोपियन ज्युरींनी दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी हद्दपारी सुनावणारे न्यायमूर्तीही तेच. १९१६ मध्ये मात्र याच न्यायालयाने बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून टिळकांकडे मागितलेला वीस हजारांचा जातमुचलका रद्द केला. त्यांची बाजू मांडत होते बॅरिस्टर जिना.

घटना समितीने कन्हैयालाल मुन्शींच्या आग्रहाने भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून ‘राजद्रोह’ वगळला. दंडसंहितेतले कलम तसेच राहिले. १९५० मध्ये मुंबईच्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली. राज्याची सुरक्षितता धोक्यात नसेल, तर नुसत्या सुव्यवस्थेच्या नावाखाली तोंड बंद करता येणार नाही, असा तो निकाल. नेहरू सरकार अस्वस्थ झाले आणि जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही कारणे कलम १९(२)मध्ये आली. टीकाकार इथेच थांबतात. पण त्याच दुरुस्तीने निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, अशी अटही घातली. पुढे नागरिक न्यायालयात जिंकले ते बहुतेक वेळा त्याच अटीच्या बळावर.

१९६२च्या केदारनाथ सिंह निकालात घटनापीठाने १२४ अ वाचवले, पण छाटून. हिंसेला चिथावणी असेल किंवा सुव्यवस्था बिघडवण्याकडे कल असेल तरच गुन्हा. सरकारवरची टीका, मग ती कितीही कडवट असो, गुन्हा नव्हे. स्ट्रेचींचा अर्थ बाद झाला. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय १९६९ मध्ये ब्रँडनबर्ग खटल्यात याहून पुढे गेले : बेकायदा कृत्य तत्काळ घडवण्याचा हेतू हवा आणि ते घडण्याची शक्यताही हवी. ब्रिटनने तर २००९ मध्ये कायदा करून राजद्रोहाचा गुन्हाच मोडीत काढला.

आपल्याकडे अडचण निकालाची कमी, ठाण्याची जास्त. फौजदार पुस्तक उघडायचा तेव्हा त्यात १८९८ मध्ये दुरुस्त झालेली भाषा असायची. केदारनाथची चाळणी तिथे छापलेली नसायची. कलम दखलपात्र आणि अजामीनपात्र होते, त्यामुळे निर्दोष सुटण्याआधीच निम्मी शिक्षा भोगून व्हायची. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत याच कलमाखाली अटक झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर राज्याने २०१५ मध्ये पोलिसांसाठी खुलाशाचे परिपत्रक काढले, तर तेच इतके ढिसाळ, की लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोहात बसावी! ओरड झाली आणि ते मागे घ्यावे लागले.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १२४ अ गेले, कलम १५२ आले. सरकारविषयीच्या अप्रीतीचा उल्लेख त्यात नाही. सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांचा आहे. ही सुधारणा खरीच. पण फुटीर कारवायांच्या ‘भावनांना’ उत्तेजन देणेही तिथे गुन्हा आहे, म्हणजे मनात डोकावणे पुन्हा आले. जन्मठेप दोन्हीकडे आहे. तिच्याखेरीजची कैद १२४ अ मध्ये तीन वर्षांपर्यंत होती, आता सात वर्षांपर्यंत आहे. आणि केदारनाथने सांगितलेली हिंसेची अट याही कलमाच्या मजकुरात छापलेली नाही.